सनद, सातबारा आणि मतपेटी

राजकारणात एवढे वकील कसे, हा प्रश्न मंचरच्या बाजारातही ऐकू येतो आणि पुण्याच्या कॉलेजातही. त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो आणि तो जास्त अवघड आहे. तालुक्यातला एखादा मुलगा शिकून पुण्या-मुंबईत मोठ्या कंपन्यांचा वकील झाला, पैसा आणि नाव कमावून गावी परतला आणि विधानसभेला उभा राहिला, तर लोक त्याला निवडून देतील का? ज्याला कायदा कळतो त्यालाच कायदेमंडळात पाठवावे, हे वरवर अगदी सरळ दिसते. मतदार मात्र इतका सरळ हिशेब करत नाहीत आणि त्यामागे त्यांची कारणे असतात.

ती समजून घ्यायला जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके फार उपयोगी आहेत. पश्चिमेला सह्याद्रीच्या कुशीत भाताची खाचरे, हिरड्याची झाडे आणि महादेव कोळी समाजाच्या वाड्या. पूर्वेला कुकडी आणि घोड नद्यांचे पाणी, ऊस, कांदा, टोमॅटो, साखर कारखाने, बाजार समित्या. एकाच मतदारसंघात वनहक्काचा दावा घेऊन फिरणारा माणूसही मतदार आणि कारखान्याचा सभासदही मतदार.

१. कंपनीचा वकील करतो काय?

वकील म्हटले की काळा कोट आणि उलटतपासणी आठवते. कंपन्यांचा वकील बहुतेक वेळा कोर्टात दिसतच नाही. दोन कंपन्या एकत्र येणार असतील तर त्यांचा करार, बँकेकडून कर्ज घ्यायचे तर कर्जखत, भागीदारांचे हक्क, संचालकांच्या जबाबदाऱ्या, हे सगळे तो आधीच लिहून ठेवतो. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातला शेतकरी पाऊस सुरू होण्याआधी खाचराचा बांध नीट करून घेतो, तसे हे काम आहे. कोर्टातला वकील लागतो तो बांध फुटल्यावर.

हे काम फक्त मुंबईच्या काचेच्या इमारतींत चालते असे मानायचे कारण नाही. साखर कारखान्याचा ऊसतोडणी-वाहतुकीचा करार, पतसंस्थेचे पोटनियम, दूध संघाचे कर्ज, बाजार समितीच्या गाळ्याचा भाडेपट्टा ही सगळी याच जातीची कागदपत्रे आहेत. जुन्नर-आंबेगावचा शेतकरी रोज अशा कागदांखाली सही किंवा अंगठा करत असतो. ते लिहिणाऱ्याचे नाव मात्र त्याला सहसा ठाऊक नसते.

कंपनीत पूर्णवेळ पगारावर असलेल्या वकिलाला वकिली करता येत नाही. बार कौन्सिलच्या नियमानुसार नोकरी धरली की सनद बाजूला ठेवावी लागते. स्वतंत्र फर्ममधून अनेक कंपन्यांची कामे घेणारा वकील सनदधारकच राहतो. मुंबई उच्च न्यायालयात तर पूर्वी दोन वेगळे वर्ग होते. अशिलाला भेटणारा, कागद तयार करणारा तो सॉलिसिटर. न्यायाधीशांपुढे उभा राहून युक्तिवाद करणारा तो कौन्सेल किंवा बॅरिस्टर. ही कायदेशीर विभागणी १९७० च्या दशकात संपली. आपल्या गोष्टीतला मुख्य माणूस मात्र त्याआधीचा, पहिल्या वर्गातला आहे.

२. सॉलिसिटर खेर

बाळ गंगाधर खेर यांचा जन्म १८८८ चा, रत्नागिरीचा. मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिक्षण, मग कायद्याची पदवी. १९१८ मध्ये ते सॉलिसिटर झाले आणि ‘मणिलाल, खेर आणि कंपनी’ या फर्मचे संस्थापक भागीदार बनले. मुंबईत गिरण्या, पेढ्या आणि व्यापारी कंपन्या वाढत होत्या तो हा काळ. अशा शहरात सॉलिसिटरला कामाची ददात नव्हती. ऑफिसातून घरी आणि घरून ऑफिसात एवढेच केले असते तरी आयुष्य सुखात गेले असते.

खेरांनी तसे केले नाही. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ते स्वराज्य पक्षाच्या मुंबई शाखेचे चिटणीस झाले. या पक्षाचे म्हणणे होते की इंग्रजांनी दिलेल्या कायदेमंडळांवर बहिष्कार टाकून बसण्यापेक्षा आत शिरून लढावे. सविनय कायदेभंगात १९३० मध्ये आणि पुन्हा १९३२ मध्ये खेरांना तुरुंगवास झाला.

१९३० हे साल आंबेगावकरांनाही वेगळे सांगायला नको. म्हाळुंगे पडवळचा बाबू गेनू सैद हा गिरणी कामगार त्या वर्षी १२ डिसेंबरला मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवा झाला आणि चिरडला गेला. त्याचे वय होते बावीस. डिंभे धरणाच्या जलाशयाला आज त्याचेच नाव आहे. आंबेगावच्या खेड्यातला कामगार आणि मुंबईचा सॉलिसिटर एकाच चळवळीत होते आणि चळवळीने दोघांकडून घेतलेली किंमत सारखी नव्हती. सॉलिसिटरच्या त्यागाची गोष्ट सांगताना हे विसरून चालणार नाही.

तुरुंगाखेरीज खेरांचे दुसरे काम होते ते दलित आणि आदिवासी वस्त्यांमधले. १९४० मध्ये ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळ उभे राहिले, त्यामागे ते होते. तारीख पाहा. तेव्हा ते सत्तेवर नव्हते. १९३९ मध्येच त्यांनी मुंबई प्रांताच्या सरकारचे प्रमुखपद सोडले होते आणि पुढची निवडणूक केव्हा होईल याचा पत्ता नव्हता. दोन निवडणुकांच्या मधल्या, मते मागायची नसतात अशा वर्षांत माणूस काय करतो, यावरून त्याचे सार्वजनिक जीवन मोजावे.

३. एक निवडणूक मतदारांची, दुसरी आमदारांची

१९३५ च्या कायद्याने प्रांतांना मर्यादित स्वराज्य मिळाले आणि १९३७ मध्ये निवडणुका झाल्या. मताधिकार सर्वांना नव्हता. जमीन, कर, शिक्षण अशा अटी होत्या आणि डोंगरातला बहुतेक आदिवासी यादीबाहेर होता. मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ जागा होत्या आणि काँग्रेस सर्वांत मोठा पक्ष ठरली.

इथे एक संकल्पना समजून घ्यायला हवी. मतदार आमदार निवडतात, सरकारचा प्रमुख निवडत नाहीत. त्याला बहुमताच्या पक्षाचे आमदार निवडतात. म्हणजे सर्वोच्च पदावर जाणाऱ्याला दोनदा निवडून यावे लागते, आधी लोकांतून आणि मग सहकाऱ्यांतून. १९३७ मध्ये मुंबई काँग्रेसचे मोठे नाव होते के. एफ. नरिमन. तेही वकील, शहरात अतिशय लोकप्रिय. तरीही पक्षाच्या आमदारांनी नेता म्हणून निवडले खेरांना. नरिमन यांनी वल्लभभाई पटेलांवर आरोप केले. महात्मा गांधी आणि कायदेपंडित डी. एन. बहादुरजी यांच्यासमोर चौकशी झाली आणि निकाल नरिमन यांच्या विरोधात गेला. हा वाद पुढे कितीतरी वर्षे धुमसत राहिला. रस्त्यावरची लोकप्रियता दुसऱ्या निवडणुकीत चालतेच असे नाही, हे महाराष्ट्राने त्यानंतरही अनेकदा पाहिले आहे.

जुलै १९३७ मध्ये खेर मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले. तेव्हा प्रांतांच्या प्रमुखाला हीच पदवी होती. काँग्रेसने मंत्र्यांचा पगार ठरवला होता महिना ५०० रुपये. नोव्हेंबर १९३९ मध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. १९४६ मध्ये खेर पुन्हा आले आणि १९५२ पर्यंत राहिले.

४. कागद लिहिणारा कायदा लिहू लागतो तेव्हा

जुन्नर-आंबेगावच्या डोंगरात कायदा पहिल्यांदा पोहोचला तो बहुतेक सावकाराच्या हातातून. कर्जाचा कागद, त्यावर अंगठा, कोर्टाचा हुकूमनामा आणि मग जमीन गेली. १८७० च्या दशकात आंबेगावच्या जांभोरीचा होनाजी केंगले सावकारांविरुद्ध उठला तो याच रागातून. १८७५ मध्ये शेजारच्या मुलखात दख्खनचे दंगे झाले, तेव्हा शेतकऱ्यांनी माणसांपेक्षा कर्जरोखे जाळण्यावर जोर दिला होता. आपला शत्रू कागद आहे, हे त्यांना पक्के कळले होते.

अशा समाजात कागद लिहिणाऱ्या माणसाकडे सत्ता आली तर तो कोणाच्या बाजूने लिहील? खेरांच्या पहिल्या मंत्रिमंडळाने १९३९ मध्ये कुळांना संरक्षण देणारा आणि शेतकऱ्यांच्या कर्जातून सुटकेचा कायदा केला. दुसऱ्या कारकिर्दीत १९४६ मध्ये सावकारी नियंत्रणाचा कायदा आला आणि १९४८ मध्ये ‘मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम’. हाच पुढे ‘कूळकायदा’ म्हणून घरोघरी माहीत झाला. आजही सातबाऱ्यावर कुळाची नोंद निघाली की तलाठी कार्यालयात याच कायद्याची कलमे बोलली जातात. ठाणे जिल्ह्यासारख्या भागांत ठेकेदाराला बाजूला सारून आदिवासींच्या जंगल कामगार सहकारी संस्था सुरू झाल्या, त्याही याच काळातल्या.

हे चित्र एकरंगी मात्र नाही. खेरांसमोर विरोधी बाकावर त्यांच्यापेक्षा थोर कायदेपंडित बसले होते, डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी कोकणातली खोती, म्हणजे खोतांमार्फत शेतसारा वसूल करण्याची पद्धत, नष्ट करणारे विधेयक मांडले. त्याच मागणीसाठी जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी मुंबईत विधानसभेवर चालून आले. रत्नागिरीत जन्मलेल्या खेरांना खोती काय असते हे सांगण्याची गरज नव्हती, तरी त्यांच्या सरकारने ते विधेयक पुढे नेले नाही. खोती रद्द करणारा कायदा झाला १९४९ चा, खेरांच्याच दुसऱ्या कारकिर्दीत. मधली बारा वर्षे कुळांनी सोसली. चांगल्या वकिलाची सावधगिरी राज्यकर्त्याच्या अंगी आली की तिची किंमत दुसरेच मोजतात, असे या उदाहरणापुरते तरी म्हणावेच लागेल.

५. उत्तम वकील हरतो कसा?

स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. आंबेडकर उत्तर मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि नारायण काजरोळकर यांच्याकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही त्यांना अपयश आले. कायद्याचे ज्ञान हाच निकष असता तर हे निकाल लागलेच नसते. समोर काँग्रेसची संघटना होती, तिचे गावोगावचे कार्यकर्ते होते आणि स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई होती.

हीच गोष्ट तालुक्याच्या पातळीवर आजही दिसते. आंबेगावचे दिलीप वळसे पाटील कायद्याचे पदवीधर आहेत. वडील दत्तात्रय वळसे पाटील आंबेगावचे आमदार होते. मुलाने शरद पवारांचे स्वीय सहायक म्हणून मंत्रालय आतून पाहिले आणि १९९० मध्ये ते पहिल्यांदा विधानसभेवर निवडून आले. तेव्हापासून २०२४ पर्यंत सलग आठ वेळा. २००९ ते २०१४ ते विधानसभेचे अध्यक्ष होते. कायद्याचे शिक्षण त्या खुर्चीत नक्कीच कामी आले असेल, कारण अध्यक्षाला नियमांचा अर्थ रोज लावावा लागतो. पण त्या खुर्चीपर्यंतची वाट गेली ती भीमाशंकर साखर कारखान्यावरून, डिंभ्याच्या पाण्यावरून आणि गावागावातल्या कार्यकर्त्यांच्या घरावरून.

त्यांना २०२४ मध्ये ज्यांनी घाम फोडला ते देवदत्त निकम हेही याच कारखान्याचे माजी अध्यक्ष. जुन्नरला त्याच वर्षी दुसऱ्या क्रमांकावर राहिलेले सत्यशील शेरकर हे विघ्नहर कारखान्याचे अध्यक्ष. या दोन तालुक्यांत सार्वजनिक कामाची शाळा म्हणजे सहकारी संस्था. उसाचे पेमेंट वेळेवर झाले का, आवर्तन सुटले का, बिबट्याने शेळी नेली तर पंचनामा कोणी करून दिला, यावर माणूस पारखला जातो. शहरात वीस वर्षे करार लिहिणाऱ्याच्या नावावर यातले काहीच नसते. मतदार त्याच्या बुद्धीवर शंका घेत नाहीत. अडचणीच्या वेळी हा माणूस इथे असेल का, एवढेच ते विचारतात आणि तो प्रश्न रास्त आहे.

६. थोडे गणित

समजा, मंचरकडची एक कंपनी-वकील उमेदवारी भरते. विधानसभेसाठी अनामत १०,००० रुपये. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला निम्मी. खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये. एकूण वैध मते २,१०,००० पडली असे धरू. अनामत वाचवायची तर त्यांच्या एक षष्ठांशाहून जास्त, म्हणजे ३५,००० पेक्षा अधिक मते हवीत. दीडशे गावे धरली तर दर गावात सरासरी २३४. ज्या गावात तिला ओळखणारी दहा घरे नाहीत तिथे ही मते आणायची कुठून?

जिंकायला मात्र निम्मी मते लागतातच असे नाही. आपल्याकडे ज्याला सर्वाधिक मते तो विजयी. जुन्नरमध्ये २०२४ ला अपक्ष शरद सोनवणे सुमारे ७३ हजार मतांवर निवडून आले. शेरकर यांना ६६ हजारांवर आणि तेव्हाचे आमदार अतुल बेनके यांना ४८ हजारांच्या आसपास मते मिळाली. विजेत्याच्या विरोधातली मते त्याच्या मतांपेक्षा कितीतरी जास्त होती, पण ती वाटली गेली. सोनवणे यांचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. २०१४ मध्ये मनसेतर्फे विजय, २०१९ मध्ये पराभव, २०२४ मध्ये अपक्ष म्हणून पुन्हा विजय.

आंबेगावात फरक होता अवघा १,५२३ मतांचा. आणि त्याच मतपत्रिकेवर देवदत्त निकम नावाचाच आणखी एक अपक्ष उमेदवार होता. त्याचे चिन्ह ट्रम्पेट, म्हणजे पिपाणी. मुख्य निकम यांचे चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. या दुसऱ्या उमेदवाराला विजयाच्या फरकापेक्षा जास्त मते पडली. त्यातली किती चुकून पडली हे कोणी सिद्ध करू शकत नाही, कारण मतदान गुप्त असते. त्याच वर्षी साताऱ्यात लोकसभेलाही असेच झाले होते. शशिकांत शिंदे ३२ हजारांवर मतांनी हरले आणि पिपाणीला ३७ हजारांवर मते गेली होती.

७. दुसरे दार

विधानसभा हे एकच दार नाही. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ सदस्य असतात. ३० आमदारांनी निवडलेले, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांनी, सात पदवीधरांनी, सात शिक्षकांनी आणि १२ राज्यपालांनी नेमलेले. जुन्नर आणि आंबेगाव पुणे पदवीधर मतदारसंघात येतात. त्यात पुण्याबरोबर सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर हे जिल्हेही आहेत. मतदार व्हायला पदवी मिळून तीन वर्षे झालेली असावी लागतात. यादी प्रत्येक निवडणुकीसाठी नव्याने तयार होते, त्यामुळे गेल्या वेळी नाव होते म्हणून या वेळी असेलच असे नाही. वकिलाला हे मैदान सोयीचे वाटते, पण पाच जिल्ह्यांत नोंदणीचे अर्ज भरून घेणारे हात इथेही लागतातच.

मतदान पसंतीक्रमाने होते. शंभर वैध मते असतील तर जिंकायला ५१ लागतात. पहिल्या पसंतीत कोणालाच तेवढी मिळाली नाहीत तर सर्वांत मागचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती इतरांना दिली जाते. कोणाची तरी ५१ होईपर्यंत हे चालते. जुन्नरसारखी मतविभागणी इथे तितकी बोचत नाही.

वकिलांनी या दारांचा वापर कसा केला याची अलीकडची दोन उदाहरणे. वकील राहुल नार्वेकर २०१४ मध्ये मावळमधून लोकसभेला उभे राहिले आणि हरले. पुढे विधान परिषदेत गेले, २०१९ मध्ये कुलाब्यातून विधानसभेवर आले आणि २०२२ मध्ये तिचे अध्यक्ष झाले. पक्षफुटीनंतरच्या आमदारांच्या अपात्रतेच्या याचिका त्यांच्यापुढेच आल्या. सरकारी वकील म्हणून देशभर नाव झालेले उज्ज्वल निकम २०२४ मध्ये उत्तर मध्य मुंबईत वर्षा गायकवाड यांच्याकडून १६,५१४ मतांनी हरले आणि २०२५ मध्ये राष्ट्रपतींनी त्यांना राज्यसभेवर नेमले.

८. निवडून आल्यावर

आमदार झाल्यावर वकिली सोडावी लागते का? सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये सांगितले की नाही. लोकप्रतिनिधी हा पूर्णवेळ पगारी नोकर नाही, म्हणून त्याला बंदी घालता येत नाही. ज्या कंपनीचा सल्लागार तिच्याच धंद्याविषयीच्या विधेयकावर सभागृहात मत द्यायचे, ही अडचण त्या निकालाने सुटत नाही. तिथे सदस्याने आपला संबंध उघड सांगणे हाच किमान प्रामाणिकपणा आहे.

उमेदवारीपूर्वी तपासायच्या दोन गोष्टी मात्र कडक आहेत. राज्यघटनेच्या कलम १९१ नुसार सरकारी ‘लाभाचे पद’ असलेला माणूस अपात्र ठरतो आणि लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार सरकारला माल पुरवण्याचा किंवा सरकारी बांधकामाचा चालू ठेका असलेलाही. निकालानंतर आक्षेप घ्यायचा तर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका दाखल करावी लागते.

बिकानेरच्या वकील कांता कथुरिया यांना हे सगळे भोगावे लागले. एका बांधकाम कंपनीबरोबरच्या लवादात राजस्थान सरकारने त्यांना विशेष सरकारी वकील नेमले होते. १९६७ मध्ये त्या आमदार झाल्या. हरलेल्या उमेदवाराने याचिका केली आणि उच्च न्यायालयाने ती नेमणूक लाभाचे पद ठरवून निवड रद्द केली. अपील सर्वोच्च न्यायालयात असतानाच राजस्थान विधानसभेने अशा नेमणुकांना मागील तारखेपासून सूट देणारा कायदा केला. १९६९ मध्ये निकाल लागला. एका खटल्यापुरती दिलेली वकीलपत्रासारखी नेमणूक हे ‘पद’च नाही असे बहुमताने ठरले, नवा कायदाही टिकला आणि कथुरिया यांची आमदारकी कायम राहिली.